हमरापूरकडील एक फेरी

पेण हें नांव काढलें कीं वाचकांस दोन वस्तु हटकून आठवतात. एक गणपतीच्या मूर्ती आणि दुसरी पोह्यांचे पापड. आम्हीं यंदा मार्गशीर्षांत तिकडे जो फेरा केला तो मात्र ह्या दोहोंपैकीं कशासाठींच नव्हता. आमचे एक जुने विद्यार्थी पेणेस स्थायिक झाले आहेत. त्यांचा आग्रह पुष्कळ दिवसांचा होता, आणि शाळेंतून निवृत्त झालेल्या माणसास शाळा पाहण्याचें जें एक व्यसन जडलेलें असतें तें आमच्यांतही शिल्लक आहे. पेणच्या उत्तरेस दोन-तीन कोसांवर हमरापूर आहे. तेथें जाऊन आसपासच्या एक-दोन शाळा पाहाव्या, मूर्तींचे कारखाने पाहावे, आणि संध्याकाळीं परत फिरावें, एवढाच बेत होता.

पनवेलीहून रोह्याकडे जाणारी गाडी ही सावकाश चालणाऱ्या ज्या थोड्या गाड्या अद्याप उरल्या आहेत त्यांपैकीं एक आहे. मुंबई-गोवा रस्त्यानें जाणारास कर्नाळ्याचा सुळका अगदीं अंगावर आल्यासारखा दिसतो. गाडींतून तो उजव्या हातास दूर राहतो व पुष्कळ वेळ सोबत करतो. पाताळगंगा ओलांडली, आपटा व जिते हीं स्थानकें मागें पडलीं, आणि कापणी झालेल्या भातखाचरांच्या मधोमध हमरापूरचें लहानसें स्थानक आलें. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला खारेपाट. उतारू आमच्यासह सात-आठच असतील.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ह्या गांवांतून हिंडतांना घर कोठें संपतें व कारखाना कोठें सुरू होतो हें कळत नाहीं. ओटीवर गणपती, पडवींत गणपती, अंगणांत ताडपत्रीच्या मांडवाखालीं गणपती. ह्या धंद्याचें मूळ पेण शहरांत. तेथून तो ह्या खेड्यांत पसरला, आणि आतां खेडीं शहराच्या बरोबरीनें चालत आहेत. भाद्रपद सरला कीं पुढच्या भाद्रपदाची तयारी सुरू होते. साच्यांतून निघालेली पांढरी फटफटीत मूर्ति, मग ती घांसून गुळगुळीत करणें, मग रंग, आणि सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात कारखान्यांत एखादाच असतो आणि तो काम करीत असतां बाकीचे आपोआप हळू बोलतात असें आमच्या पाहण्यांत आलें. ह्या मूर्ती मुंबई-पुण्यासच नव्हे, तर समुद्रापार अमेरिकेपर्यंत जातात. आणि त्यांस वाटेंत धक्का लागूं नये म्हणून पेंढा, कागद, खोकीं यांची जी तजवीज होते ती पाहण्यासारखी असते. प्लॅस्टर कीं शाडू हा वाद येथें घरोघर चालू आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं.

एका कारखान्यांत मालकांनीं "या गुरुजी, बसा" म्हणून खुर्ची पुढें केली. आम्ही बसतों न बसतों तों एक आठ-नऊ वर्षांची मुलगी समोर येऊन उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, पानी आनूं?" आम्हांला ती मालकांचीच नात वाटली, कारण बोलणें थेट तिकडच्या आगरी वळणाचें. पण मालक हंसून म्हणाले, "ही आमची न्हवं. हिचा बाप गोरखपूरकडचा, घांसकामाला हाय." मुलगी तशीच वळली आणि आंत आईशीं भोजपुरींत बोलूं लागली, तेवढ्यांत बिहारकडचा एक कारागीर आला त्याच्याशीं हिंदींत बोलली, आणि पाण्याचा तांब्या आमच्या हातीं देतांना पुन्हां आगरींत आली. तिला कोणी हें शिकविलेलें नाहीं. गेल्या वर्षीं ती आई-बापांबरोबर येथें आली, गांवच्या मराठी शाळेंत तिसरींत बसते, आणि वाण्याच्या दुकानीं, दवाखान्यांत, शाळेंत, सर्वत्र आईची दुभाषी तीच आहे.

आम्हीं तिचें पुस्तक मागितलें. वाचतांना ती अडखळत होती, पण वाचीत होती, कारण हिंदीची व मराठीची लिपि एकच. गांवीं शिकलेलीं अक्षरें येथें फुकट गेलेलीं नाहींत. अडत होती ती विशेषतः 'ळ'पाशीं. हें अक्षर हिंदींत नाहीं. आतां खरी मौज अशी कीं, आगरी बोलींतही 'ळ' नाहीं. डोळ्यास 'डोला' म्हणतात, झाडास 'झार' म्हणतात, पाण्यास 'पानी'. म्हणजे ह्या मुलीनें सभोंवार कान देऊन जी मराठी उचलली तींत 'ळ' कोणी उच्चारीतच नाहीं. तो तिला फक्त पुस्तकांत भेटतो. आपण ज्या भाषेस मराठी म्हणतों ती गोरखपूरच्या मुलीला जितकी परकी, तितकी नव्हे तरी तिच्या बऱ्याच जवळपास, तिच्या शेजारच्या बांकावरील आगऱ्याच्या मुलास परकी आहे. गुरुजींनीं 'डोला' खोडून 'डोळा' लिहावयास सांगितलें म्हणजे दोघांचीही पाटी सारखीच पुसली जाते.

तिच्या आईचा प्रश्न मात्र निराळा होता. तो मुलीनेंच आम्हांस भाषांतर करून सांगितला. पुढच्या वर्षीं येथें काम राहिलें नाहीं आणि गांवीं परत जावें लागलें तर ह्या मराठीचा काय उपयोग? आणि येथेंच राहिलों तर हिंदी कोण शिकवील? ह्या बाईस अक्षरओळख नाहीं. पण बहुभाषी देशांतल्या शिक्षणाचा जो अवघड प्रश्न सरकारी समित्यांना सुटत नाहीं तो तिनें दोन वाक्यांत मांडला. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. चहा प्यालों.

कायद्याकडे पाहावें तर तेथें कमतरता नाहीं. आपल्या राज्यघटनेंत १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीनें ३५०-अ हें कलम घालण्यांत आलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनीं करावी, असा त्याचा आशय. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा शक्य तेथवर शिक्षणाचें माध्यम मुलाची मातृभाषा असावें असें म्हणतो. शिवाय मुलास त्याच्या वयाच्या वर्गांत बसवावें आणि एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेंत जाण्याचा त्याचा हक्क अडवूं नये, असेंही त्यांत आहे. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कानडी, तेलुगु, तामिळ व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविते, आणि ही गोष्ट जगांतल्या कोणत्याही शहरानें अभिमानानें सांगावी अशी आहे. सोलापुरास तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं तेलुगु जपली. परंतु हें सारें जमतें तें जेथें एका भाषेचीं मुलें एके ठिकाणीं पुष्कळ जमतात तेथें. खेड्यांत दोन मुलें भोजपुरीचीं, तीन उडियाचीं, एक नेपाळी, आणि शाळा एक. तेथें कलम काय करणार? 'शक्य तेथवर' ह्या दोन शब्दांत सारें खेडें बुडून जातें.

दुपारीं आमचे विद्यार्थी आम्हांस डोंगराच्या पायथ्याच्या एका कातकरवाडीवर घेऊन गेले. वाडीचें व तेथील शाळेचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं. कातकरी लोकांविषयीं आमच्या बहुतेक वाचकांस एवढेंच ठाऊक असेल कीं ते पूर्वीं खैराचा कात काढीत व त्यावरूनच त्यांस हें नांव पडलें. १८८३ सालीं निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही त्यांचें वर्णन आहे. पुढें जंगलें राखीव झालीं, कात गेला, आणि उरली ती दुसऱ्याच्या कामावरची मजुरी. महाराष्ट्रांत कातकरी, कोलाम व माडिया गोंड ह्या तीन जमाती सरकारनें विशेष दुर्बल म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. त्यांपैकीं कातकऱ्यांची संख्या २०११ च्या खानेसुमारींत राज्यांत पावणेतीन लाखांहून अधिक होती, आणि त्यांची मोठी वस्ती ह्याच रायगड-ठाण्याच्या पट्ट्यांत आहे. कित्येक वाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन वाडीवाल्यांच्या नांवावर नाहीं.

पावसाळ्यांत भाताच्या लावणीचें काम संपतें, गणपती-गौरी होतात, आणि मग उपासमारीचे दिवस येतात. त्या दिवसांत मुकादम वाडीवर येऊन उचल देऊन जातो. दिवाळी झाली कीं ती फेडावयासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्टीवर निघतात. कांहीं जवळपास, कांहीं घाटावर, आणि कांहीं थेट कर्नाटकांत कोळशाच्या भट्ट्यांवर. भांडीं, कोंबड्या, कुत्रीं आणि मुलें एकाच ट्रकांत भरलीं जातात. मुलांस मागें कोणाजवळ ठेवणार? म्हातारी असली तर ठेवतात. नाहींपेक्षां मुलें बरोबर. परत येणें पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें आणि कातकऱ्याच्या मुलाचें दिवाळीस संपतें.

आम्ही गेलों तेव्हां पटावरील निम्मीं मुलें सुद्धां समोर नव्हतीं. शिकविणाऱ्या बाई बीडकडच्या. आमचा परिचय झाल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला ह्यांत नवल वाटलं नाही. आमच्या गांवांत दसरा झाला की अर्धा वर्ग ऊसतोडीला जायचा. मी आजीजवळ राहिले म्हणून शिकले." नवल त्यांना दुसऱ्याच गोष्टीचें वाटलें होतें. येथें नेमणूक झाली त्या पहिल्या आठवड्यांत त्या एक शब्द बोलत व मुलें त्यांच्या तोंडाकडे पाहत राहत. मुलें आपसांत बोलत आणि बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहत. कागदावर मात्र सर्व ठीक होतें. शाळेचें माध्यम मराठी, मुलांची मातृभाषा मराठी अशी नोंद, शिक्षिका मराठी. अडचण कोठेंच नाहीं!

वाचकहो, आमच्या मतें सबंध प्रश्नाचें मर्म ह्या नोंदींत आहे. गोरखपूरच्या मुलीची भाषा निराळी आहे हें निदान सर्वांना मान्य आहे. तिच्या भाषेस नांव आहे, तिच्या बाजूनें बोलणारे पुढारी आहेत, घटनेंत कलम आहे. कातकऱ्याच्या मुलाची बोली घरीं कातकरी, वाडीबाहेर आगऱ्यांशीं बोलावयाची ती आगरी, आणि शाळेंत पुस्तकाची मराठी. पण ह्या तिन्हींवर एकच शिक्का मारलेला, आणि म्हणून त्याचें न कळणें हें परभाषेमुळें न कळणें ठरत नाहीं, मंदबुद्धीमुळें न कळणें ठरतें. ज्याची भाषा परकी म्हणून मोजली जाते त्याला मदत मिळण्याचा संभव असतो. ज्याची भाषा आपलीच पण 'बिघडलेली' म्हणून समजली जाते त्याला फक्त सुधारणा मिळते.

बाईंनीं एक चांगलें काम केलें होतें. एका शंभर पानी वहींत त्यांनीं वाडीच्या बोलींतील शब्द एका बाजूस व पुस्तकी शब्द दुसऱ्या बाजूस असे उतरून घेतले होते. भांड्यांचीं नांवें, झाडांचीं नांवें, नात्यांचीं नांवें, मासे-खेंकड्यांचीं नांवें. मासे-खेंकड्यांच्या पानांवर वाडीच्या बाजूचे शब्द पुष्कळ आणि पुस्तकी बाजू बहुतेक कोरी, हें पाहून आम्हांला हंसू आलें. वहीचें शेवटचें पान एका मुलानें स्वतः लिहिलेलें होतें.

तो मुलगा त्या दिवशीं शाळेंत होता. आजी आजारी म्हणून ह्या खेपेस त्याचे आईबाप गेले नव्हते. बाप हमरापूरच्या एका कारखान्यांत माती-साच्याचें काम करीत होता. मागची दोन वर्षें मात्र हें कुटुंब कर्नाटकांत कोळशावर होतें. आम्हीं त्याला विचारलें, "बाळ, तुला अंक किती येतात?" तो गप्प. बाई म्हणाल्या, "तुझे तिकडचे म्हण." मग त्यानें बोटें मोडीत सुरुवात केली, "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु, ऐदु," आणि एका दमांत वीसपर्यंत गेला. कोळशाचीं पोतीं मोजतांना तिकडचा माणूस असा मोजतो. मुलगा शेजारीं बसून ऐके. बापाचीं पोतीं कमी धरलीं जाऊं नयेत म्हणून बापानेंच त्याला तेथें बसविलें होतें. बापाला कानडी येत नव्हती. मुलाला आली.

वीसाच्या पुढें जा म्हटलें तर त्याला जातां येईना, कारण मापारी वीस पोतीं झालीं कीं एक रेघ ओढी व पुन्हां 'ओंदु'पासून सुरू करी. आम्हीं फळ्यावर रेघा ओढल्या. पांच रेघा म्हणजे किती? त्यानें क्षणभर विचार करून सांगितलें, "पांच विसा." आणि पांच विसा म्हणजे शंभर हें त्यानें आपल्या आजीच्या हिशेबावरून ओळखलें, कारण आजी अजून विसाविसानींच मोजते. मराठींत अंक वाचून दाखवितांना हाच मुलगा पंचेचाळिसाला चोपन्न म्हणत होता. सरकारी तपासणीच्या भाषेंत बोलावयाचें तर हा मुलगा 'अप्रगत'.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा नातू असेल कीं जो मराठी-इंग्रजी बोलतो व सुटींत फ्रेंच कीं जर्मन शिकावयास जातो. त्याची मावशी तें चार घरीं सांगून येते, आणि तें योग्यच आहे. हा वाडीवरचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि कातकरी, आगरी, पुस्तकी मराठी व कामापुरती कानडी अशा चार वाटांनीं त्याचें डोकें चालतें. त्याच्या मावशीनें हें कोणास सांगावें?

आमचा जन्म संस्कृत शिकण्या-शिकविण्यांत गेला, म्हणून दोन गोष्टी सहज आठवल्या. महाभाष्याच्या आरंभींच पतंजलि सांगतो कीं 'गौः' ह्या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे किती तरी अपभ्रंश लोक वापरतात. ह्यावर आपल्याकडील पंतोजी नेहमीं थांबतात. पण पतंजलि पुढें हेंही कबूल करतो कीं, अर्थ कळण्याच्या बाबतींत शुद्ध शब्द व अपशब्द सारखेच. शुद्धाचा आग्रह आहे तो पुण्यासाठीं. पहिलीच्या शिक्षकानें आधीं अर्थाची सोय पाहावी. पुण्य चौथीपर्यंत थांबूं शकतें.

दुसरी गोष्ट नाटकांची. आपल्या जुन्या नाटकांत राजा संस्कृत बोलतो, शकुंतला प्राकृत बोलते, आणि कोळी, शिपाई, सेवक आपापल्या प्राकृतांत बोलतात. बोलण्यावरूनच माणसाची पायरी कळावी अशी ती योजना आहे, आणि ती न्याय्य होती असें आम्ही म्हणत नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकांत अंगठी सांपडलेला तो गरीब कोळी मागधींत खरें सांगत असतो आणि कोणी त्याचें ऐकून घेत नाहीं. मासेमारीवरून त्याची थट्टा मात्र होते. तथापि त्या नाटकांत एक गोष्ट होती. राजाला प्राकृत समजत असे. रंगभूमीवरील कोणतेंही पात्र दुसऱ्यास 'आधीं माझ्या भाषेंत बोल, मग ऐकतों' असें म्हणत नाहीं. आमच्या शाळांची अवस्था त्या नाटकाहून एक पायरी खालीं आहे.

आतां परदेशाकडे वळूं, कारण आमच्या वाचकांचीं मुलें-नातवंडें तिकडे पुष्कळ आहेत. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरांत सुमारें १८०० चिनी मुलें अशीं होतीं कीं ज्यांना इंग्रजी येत नव्हतें व शाळा त्यांस त्यासाठीं कांहींच वेगळी मदत करीत नव्हती. शाळेचें म्हणणें, आम्ही सर्वांस तेंच पुस्तक, तोच मास्तर, तोच वर्ग देतों. यांत भेदभाव कोठें आला? हा खटला १९७४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्याला भाषाच समजत नाहीं त्याला तेंच पुस्तक व तोच मास्तर दिल्यानें समता होत नाहीं. लाऊ विरुद्ध निकोल्स ह्या नांवानें तो खटला ओळखला जातो. आज पुण्याहून गेलेल्या मराठी मुलास तिकडे इंग्रजी शिकविण्यासाठीं शाळेंत वेगळी शिक्षिका मिळते, तिच्या मागें ह्या निकालाचें बळ आहे. आणि घरची मराठी टिकावी म्हणून मंडळांच्या मराठी शाळा आठवड्यास भरतात त्या निराळ्याच. आपला नातू जेथें परका आहे तेथें त्याच्यासाठीं जी सवलत आपण हक्कानें घेतों, ती हमरापूरच्या गोरखपूरकर मुलीला देण्यांत मराठीचा अपमान होतो असें म्हणणारे सुशिक्षित लोक आम्हांस भेटले आहेत. बेळगांवच्या मराठी मुलाविषयीं मात्र ह्याच लोकांचा कंठ दाटून येतो. आमचाही येतो, म्हणूनच ही विसंगति अधिक बोचते.

ह्याच पेण तालुक्यांत गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. वडील बडोद्यास नोकरीला, म्हणून हा मुलगा लहानपणींच कोंकण सोडून गुजरातेंत गेला. तोही स्थलांतरितच. परंतु बडोद्यास राजघराणें मराठी, मराठी वस्ती मोठी, घरांत पोथ्या, वडील शिकलेले. बाहेर गुजराती असली तरी घरची भाषा कमी प्रतीची आहे असें त्याला कोणी म्हटलें नाहीं. पुढें त्यांनीं शाळा-कॉलेजचीं प्रशस्तिपत्रकें जाळून टाकलीं, १९१६ सालीं मुंबईस इंटरच्या परीक्षेला निघालेले असतां सुरतेस गाडी बदलून काशीची वाट धरली, आणि आयुष्यभर देशांतल्या कितीतरी भाषा शिकत राहिले. प्रशस्तिपत्रक जाळावयास आधीं तें हातीं असावें लागतें. गागोद्याहून बडोद्यास गेलेला मुलगा आणि गागोद्याच्याच आसपासच्या वाडीवरून कोळशाच्या भट्टीवर गेलेला मुलगा, दोघांनींही गांव व भाषा सोडली. एकाला दुसरी भाषा ही भर पडली, दुसऱ्याला ती एक वजाबाकी झाली.

आजवर कोणी कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं. १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, आणि पुढें कोसबाडास ताराबाई व अनुताई वाघ यांनीं वारल्यांचीं मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातींत काम करून आलेल्या. मूल ज्या भाषेंत जगतें तींत शिक्षकानें उतरावें लागतें हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनें काढलेल्या शाळांस भट्टीवरील खोपटाच्या नांवावरून भोंगाशाळा म्हणत. साखर कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. पुढें हंगामी वसतिगृहें आलीं, आणि मूल गांव सोडून जातांना त्याच्या हातीं द्यावयाचें शिक्षणहमी कार्ड आलें. कार्डाची कल्पना आम्हांस फार आवडली. परंतु बाईंनीं तें कार्ड आम्हांला दाखविलें तेव्हां एक प्रश्न मनांत आला तो येथें लिहितों. मराठींत भरलेलें हें कार्ड कर्नाटकांतल्या भट्टीजवळच्या कानडी शाळेंत कोणीं वाचावें? जिल्हा ओलांडला तर कार्ड चालतें. भाषेची सीमा ओलांडली तर तो नुसता कागद. ह्याला राज्याराज्यांचा आपसांत करार हवा. आणि कार्डावर मुलाची घरची बोली कोणती, त्याला किती व कोणत्या भाषा समजतात, याला एक रकाना हवा. त्याला खर्च कांहीं नाहीं. रकान्यांत काय भरावयाचें हें मुलाला विचारावें लागेल, एवढाच त्रास.

नामदार गोखल्यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें आणि पुढच्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं. मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. आतां तरी भाषेचा भाग लवकर सुटेल अशी कोणाची समजूत असेल तर त्यानें २०२५ सालचा उन्हाळा आठवावा. त्या वर्षीं १६ एप्रिलला सरकारनें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा केली, मोठा गदारोळ उठला, आणि २९ जूनला तो निर्णय मागें घेतला गेला. विरोध आम्हांस पुष्कळ अंशीं पटला. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादूं नयेत हें शिक्षकास सांगावयास नको. पण त्या अडीच महिन्यांत वर्तमानपत्रांत जो कागद खर्ची पडला त्यांत, वाडीवरील मुलास पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि त्याची पहिली भाषा शाळेच्या दाराबाहेर उभी आहे, असें लिहिलेलें आमच्या वाचनांत आलें नाहीं. भांडण तिसऱ्या भाषेचें होतें. पहिलीची आठवण कोणास झाली नाहीं.

निघतांना आम्हीं बाईंना विचारलें कीं शाळेस कांहीं हवें असल्यास सांगा; पेन्शनींतून जमेल तें पाठवूं. आम्हांला वाटलें, त्या पंखा किंवा खेळणीं मागतील. त्या थोडें थांबून म्हणाल्या, "गुरुजी, कानडी पहिलीचं पुस्तक मिळेल का कुठं? वाडीवरची चार मुलं तिकडं गेली आहेत. परत येतील तेव्हा ती तिकडचं काय काय शिकून येतात ते मला वाचतां यायला हवं. आणि हा पोरगा वीसावर अडलाय, त्याला पुढचं सांगायला हवं."

बालभारती आपल्या राज्यांतल्या कानडी शाळांसाठीं कानडी पुस्तकें छापते, हें आम्हांस ठाऊक होतें. अक्कलकोटास आमचे एक स्नेही आहेत, त्यांना त्याच रात्रीं पत्र घातलें. त्यांनीं पहिली व दुसरीची भाषेचीं पुस्तकें आणि एक अंकलिपि पाठविली. अंकलिपींत शंभरपर्यंत अंक आहेत व प्रत्येकाखालीं आम्हीं शाईनें देवनागरींत उच्चार लिहिला आहे. पुस्तकें गेल्या मंगळवारीं टपालानें पेणेस रवाना केलीं. पोंच अद्याप आलेली नाहीं.